कै. रमाबाई रानडे : माजघरापासून सभागृहापर्यंत

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी माझ्याकडे एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून देण्याचे काम सोपविले. कोणाचे लिहावयाचे ते मात्र माझ्यावरच सोडले. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे मनात आली. त्यांच्यावर यापूर्वीच्या अंकांतून भगिनींनी चांगले लिहिले आहे. मग गेल्या वर्षीची एक गोष्ट आठवली आणि रमाबाई रानड्यांचे नाव आपोआप पुढे आले. ती गोष्ट आधी सांगते, म्हणजे हे चरित्र मी का निवडले ते वाचकभगिनींस कळेल.

आपल्या भागात नळाला पाणी पहाटे तीन वाजता येत असे, हे सर्वांस ठाऊक आहेच. घरोघरच्या बायका गजर लावून उठत, हंडे-पातेली भरून ठेवीत आणि सकाळी डोळे चोळीत कामाला लागत. प्रभागाची सभा नगरपालिकेच्या सभागृहात भरणार असे कळले, तेव्हा आपण सातजणी मिळून गेलो. बोलावयाचे माझ्याकडे होते. मुद्दे मी एका कागदावर लिहूनही नेले होते. सभागृहात गेलो तर पुढच्या साऱ्या खुर्च्या पुरुषमंडळींनी भरलेल्या. आपण मागच्या भिंतीशी बाकावर बसलो. रस्त्याचे झाले, दिव्याचे झाले, गटाराचे तर पाऊण तास झाले. शेवटी अध्यक्षांनी आणखी कोणास काही सांगावयाचे आहे काय म्हणून विचारले. माझ्या हातात कागद होता, शेजारणीने कोपरही मारले. पण माझे पाय काही उचलेनात. सभा संपली आणि आपण सातजणी मुकाट्याने घरी आलो. पाणी तीन वाजताच येत राहिले.

त्या रात्री मला झोप आली नाही. पूर्वी एकदा वाचलेले रमाबाईंच्या आठवणींचे पुस्तक कपाटातून काढले आणि नशिकच्या व हिराबागेच्या हकिकती पुन्हा वाचल्या. त्या वाचून जे वाटले, ते मनात ठेवून पुढील मजकूर लिहीत आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे आडनाव कुर्लेकर व नाव यमुना. घर मोठे, खाऊनपिऊन सुखी, परंतु मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नव्हती. मुलगी शिकली तर तिच्या नवऱ्याच्या आयुष्याला धोका पोचतो, अशी समजूत त्या काळी चांगल्या चांगल्या घरांत होती. आज आपल्याला हसू येते. पण ज्या घरात एखादी लिहितीवाचती सून दुर्दैवाने विधवा झाली असेल, त्या घरातील माणसांना ते हसण्यासारखे वाटत नसे.

१८७३ च्या डिसेंबरात त्यांचे लग्न झाले. वय अकरा. वर म्हणजे पुण्याचे न्यायाधीश माधवराव रानडे, वय एकतीस. माधवरावांची पहिली पत्नी दोन-अडीच महिन्यांपूर्वीच, ऑक्टोबरात वारली होती. ते सुधारक पक्षाचे, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. तेव्हा आता ते स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी लोकांची अपेक्षा आणि वडिलांची भीती. वडिलांनी घाई करून कुमारिकेशी लग्न लावून दिले आणि माधवरावांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. त्यासाठी त्यांना लोकांनी जन्मभर नावे ठेविली. ती नावे ठेवणे अगदीच गैर होते असे मला वाटत नाही. पण त्या सगळ्या वादात त्या अकरा वर्षांच्या मुलीला कोणीच काही विचारले नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

माधवरावांनी मात्र एक केले. लग्न होऊन रमाबाई पुण्यास आल्या, त्या पहिल्या दिवसांतच त्यांनी तिच्या हाती पाटी दिली आणि स्वतः मुळाक्षरे काढून दाखविली. दिवसभर कचेरी, संध्याकाळी सभा आणि भेटीस येणारी मंडळी, रात्री शिकवणी. पुढे शिकवावयास एक बाई ठेवण्यात आली. मराठी वाचता येऊ लागले, मग इंग्रजीची पहिली पुस्तके आली.

घर मात्र एका माणसाचे नव्हते. सासरे पुढे वारले तेव्हा सावत्र सासू, विधवा नणंद, आतेसासू-मावससासवा अशा कितीतरी बायका त्या घरात होत्या, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या सुनेच्या शिकण्याच्या विरुद्ध होत्या. माधवरावांपुढे कोणी बोलत नसे. ते कचेरीत गेले की मात्र बोलण्यास तोंड फुटे. रमाबाई मोठ्याने वाचू लागल्या की नक्कल व्हावी. धडा घेऊन आल्या की टोमणा यावा. इंग्रज बाईजवळ बसून शिकल्या म्हणून स्नान केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देऊ नये. माहेराहून निघताना वडिलांनी सांगितले होते की मोठ्या कुटुंबात सहन करून राहावे, आणि घरातल्या बायकांची कागाळी नवऱ्याच्या कानावर घालू नये. ते रमाबाईंनी पाळले. आपल्या आठवणींत त्यांनी हे सारे लिहिले आहे, पण त्यात राग नाही. त्या बायकांनाही त्या वाईट म्हणत नाहीत. एकदा तर त्याच घरच्या बायकांच्या बाजूने झुकल्या, तेव्हा माधवरावांनी नाराजी दाखविली ती बोलून नव्हे, तर अबोला धरून. तो अबोला रमाबाईंना सासूच्या शंभर बोलण्यांहून जड गेला. मला विचाराल तर, एका बाजूस सासवांचे बोलणे आणि दुसऱ्या बाजूस नवऱ्याचे मौन, अशा दोन दगडांवर पाय ठेवून त्या बाईंनी जी पंधरा-वीस वर्षे काढली, त्यातच त्यांचे खरे शिक्षण झाले. सभेत टीका सोसण्याची सवय त्यांना माजघरातच लागली.

माधवराव स्वतः सभांचे मनुष्य. १८७१ साली ते पुण्यास आले, त्याच्या आदल्या वर्षी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा स्थापिली होती. त्या सभेच्या कामात माधवराव मनापासून पडले. सरकारला अर्ज करावयाचा तो आकडे गोळा करून, गावोगावची माहिती मिळवून, ठराव करून, असे त्या सभेचे वळण होते. याच सार्वजनिक काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्री विचारवती सभा नावाची बायकांची सभा काढली होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना जमवावयाचे आणि चार गोष्टी बोलावयाच्या, अशी ती पद्धत. आपले मंडळ आजही तेच करते! १८७५ साली माधवरावांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. घरात रोज सभांचीच बोलणी. रमाबाई माजघरातून ऐकत असत.

१८७८ साली माधवरावांची बदली नाशिकास झाली. त्याच सुमारास लोकहितवादी, म्हणजे गोपाळराव हरि देशमुख, नाशिकास न्यायाधीश होते. दोन सुधारक एका गावी आले आणि त्यांनी बायकांना घराबाहेर काढण्याची युक्ती योजिली. मुलींच्या शाळेच्या निमित्ताने हळदीकुंकू करावयाचे, त्यास गावातल्या प्रतिष्ठित बायकांस बोलवावयाचे. हळदीकुंकवास जाऊ नको असे कोणता सासरा म्हणेल? नाशिकासच रमाबाई पहिल्याने चारचौघांत बोलावयास उभ्या राहिल्या. भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. त्यांनी ते पुढे होऊन सर्वांदेखत केले. तेव्हा त्या सतरा वर्षांच्याही नव्हत्या, किंवा नुकत्याच झाल्या असतील.

येथे मी क्षणभर थांबते. दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण केले, त्यात विशेष ते काय, असे एखादी वाचकभगिनी म्हणेल. मीही पूर्वी तसेच म्हणत असे. पण माझ्या हातात तर माझाच कागद होता, माझेच मुद्दे होते, आणि ज्या पाण्यासाठी मी रोज तीन वाजता उठत होते त्याच पाण्याविषयी ते होते. तरी मला उभे राहवले नाही. तेव्हा आवाज बाहेर काढणे ही कागदावरच्या मजकुराहून निराळीच गोष्ट आहे, एवढे मला कळून चुकले आहे.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. संस्कृत मुखोद्गत, वय चोवीस, नुकतेच वैधव्य आलेले, कडेवर लहान मुलगी. त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला. दर आठवड्यास बायकांनी जमावे, व्याख्यान ऐकावे, आपसांत बोलावे असा क्रम ठरला. त्यात आपल्या रमाबाई अगदी आरंभापासून होत्या, आणि त्या जाण्यावरून घरात पुन्हा वादळ उठले. त्या वर्षी सरकारने शिक्षणाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या हंटर कमिशनचे अध्यक्ष पुण्यास आले. तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी नगर सभागृहात पुण्यातील अडीचशेहून अधिक स्त्रिया जमल्या होत्या. मुले कडेवर घेऊन आल्या होत्या. पंडिताबाईंनी त्या कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्रीशिक्षक आणि स्त्री डॉक्टर यांची निकड मांडली. सरकारी चौकशीला बायकांनी हजर राहावयाचे असते, हे पुण्याच्या बायकांस त्या दिवशी प्रथम कळले असावे. पुढच्याच वर्षी पंडिताबाई इंग्लंडास गेल्या. समाजाचे काम इकडच्या बायकांवर पडले.

आता हिराबागेची हकिकत. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांच्या वेळची ही बाग. तिच्यातल्या सभागृहात पुण्यातील मोठमोठ्या सभा होत. १८८४ साली माधवराव, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक, सर विल्यम वेडरबर्न या मंडळींनी मुलींसाठी हायस्कूल काढण्याचे मनावर घेतले होते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे ही मागणी मांडावी म्हणून हिराबागेत सभा भरली. मागणीचे निवेदन इंग्रजीत तयार झाले होते आणि ते वाचावयाचे काम रमाबाईंकडे आले.

जरा कल्पना करा. बावीस वर्षांची सून. समोर लाटसाहेब, त्यांचे अंमलदार, गावचे सरदार, शास्त्रीपंडित आणि कॉलेजातले प्रोफेसर. भाषा इंग्रजी, तीही दहा वर्षांपूर्वी एकही अक्षर न येणाऱ्या बाईच्या तोंडची. एकही उच्चार चुकला तर दुसऱ्या दिवशी पेठापेठांतून त्याची नक्कल व्हावयाची. चुकला नाही तरी बायकांनी टोपीवाल्यांपुढे इंग्रजी फाडले म्हणून बोभाटा व्हावयाचा तो व्हावयाचाच. मुलींना मॅट्रिकपर्यंत शिकण्यासाठी शाळा हवी, एवढीच मागणी. पण ती पुरुषाने मांडली असती तर तिला अर्धीच किंमत आली असती. शिकलेली स्त्री कशी असते ते समोर उभे होते. रमाबाईंनी निवेदन वाचले. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८४ रोजी, मुलींची ती शाळा सुरू झाली. तीच हुजूरपागा.

सभा संपवून घरी आल्यावर कौतुक झाले नाही. घरच्या बायकांचे बोलणे सुरू झाले, आणि या खेपेस ते पूर्वीपेक्षा कठोर होते. सून घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडून आली, असा त्याचा सूर. रमाबाईंनी नेहमीप्रमाणे ऐकून घेतले आणि त्या कामास लागल्या. पुण्यातल्या वर्तमानपत्रांतूनही या शाळेवर टीका होत राहिली. मुलींना सकाळी अकरा ते पाच शाळेत अडकवून ठेवले तर घरकाम कोण शिकवील, हा वाद तीन वर्षांनंतर, १८८७ मध्येही चालू होता. लोकमान्य टिळकांसारख्या मोठ्या पुरुषाचे मत त्या वादात विरुद्ध बाजूस होते. थोरांचेही सगळ्याच विषयांत बरोबर असते असे नाही.

पुढची वर्षे फिरतीची. शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कायद्याखाली माधवरावांना जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडावे लागे आणि रमाबाई बरोबर असत. मुक्काम पडे तेथल्या मुलींच्या शाळेस भेट द्यावयाची, गावच्या बायकांना जमवून बोलावयाचे, हा त्यांचा क्रम. लिहून दिलेल्या भाषणाची गरज या काळात केव्हा संपली ते पुस्तकात कोठे सांगितलेले नाही. माझा समज असा की ती अशाच कुठल्यातरी गावी, देवळाच्या ओवरीत, चाळीस बायकांपुढे संपली असेल. १८८६ साली माधवराव कलकत्त्यास सरकारी कमिटीवर गेले, तेथे दोघेही बंगाली शिकली. माधवराव तर श्मश्रू करावयास येणाऱ्या न्हाव्याकडून शब्द विचारून घेत आणि रमाबाईंना त्याचा मोठा संकोच वाटे. ही गोष्ट त्यांनी फार गमतीने लिहिली आहे. १८९३ मध्ये माधवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथेही रमाबाईंनी आर्य महिला समाजाचे काम केले आणि हिंदू स्त्रियांचा एक क्लब काढून भाषा, शिवण, हस्तकला यांचे वर्ग चालविले.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव वारले. रमाबाई एकोणचाळिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि पुण्याच्या जुन्या घरी परत आल्या. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत असे म्हणतात. लोकांना वाटले, संपले. पतीच्या हाताने चालणारी बाई, आता कोण लिहून देणार आणि कोण पाठविणार?

त्यानंतरची तेवीस वर्षे त्यांनी ज्या तऱ्हेने घालविली, ते पाहिले म्हणजे या शंकेचे उत्तर मिळते. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या कैदी बायकांशी बोलत असत. इस्पितळात जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करीत. १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषद पहिल्याने भरली, तिच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्याने पुणे सेवासदन सुरू झाले, ते आरंभी रमाबाईंच्याच वाड्यात. विधवा, परित्यक्ता, अर्धवट शिक्षण सुटलेल्या प्रौढ स्त्रिया तेथे येत. त्यांना लिहिणेवाचणे, शिवण, शिक्षिकेचे आणि शुश्रूषेचे शिक्षण मिळू लागले. ब्राह्मणाच्या विधवेने इस्पितळात परक्या माणसाच्या जखमा धुवाव्या, ही कल्पना तेव्हाच्या पुण्याला किती असह्य झाली असेल ते वेगळे सांगावयास नको. रमाबाई स्वतः घरोघर जाऊन आईबापांची, दिरांची, सासऱ्यांची समजूत घालीत. आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या बायकांना घेऊन सेवेस जात. देऊळ आणि दवाखाना यांत त्यांना विरोध दिसला नाही.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९२० सालचा प्रसंग, कारण तो नगरपालिकेचा आहे. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने असा कायदा झाला, की नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करता यावे. मग पुण्याच्या नगरपालिकेत प्रश्न आला. सक्ती कोणावर? एका पक्षाचे म्हणणे असे की पैसा अपुरा आहे, म्हणून आधी मुलांवर सक्ती करू, मुलींचे मागाहून पाहू. लोकमान्यांचा पक्ष या मताचा होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, सक्ती करावयाची तर मुलामुलींवर एकदमच करा. मागाहून म्हटले की ते मागेच राहते. या दुसऱ्या बाजूस विठ्ठल रामजी शिंदे हिरिरीने उभे राहिले आणि बायकांच्या पुढे रमाबाई होत्या. सभा झाल्या, त्यांत आरडाओरड झाली. आणि पुण्याच्या बायकांनी मिरवणूक काढून आपले म्हणणे मांडले. साठीला टेकलेल्या, न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून साऱ्या प्रांताला माहीत असलेल्या बाई त्या मिरवणुकीत रस्त्याने पायी चालल्या.

पैसा अपुरा आहे, म्हणून आधी त्यांचे आणि मागाहून तुमचे! हे वाक्य मी आमच्या घरी ऐकले आहे, माझ्या धाकट्या बहिणीच्या कॉलेजच्या वेळी. भाऊ इंजिनियरिंगला गेला, बहिणीचे राहिले ते राहिलेच. पुण्याच्या त्या मिरवणुकीची हकिकत वाचताना मला तिची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

मतदानाच्या हक्कासाठीही रमाबाई याच वर्षांत खटपट करीत होत्या. १९२१ साली मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांना मताचा अधिकार दिला. अर्थात तो मालमत्तेच्या अटीवर, म्हणजे फार थोड्या स्त्रियांना. तरी दार उघडले. १९२४ साली रमाबाई वारल्या. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. आज महाराष्ट्रात नगरपालिकांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. २०११ सालापासून तसे आहे. आपल्या प्रभागाची सदस्यही स्त्रीच आहे. आपल्या त्या सभेच्या वेळी ती पहिल्या रांगेत बसली होती आणि आपण शेवटच्या. तिला आपले म्हणणे ऐकावयाचे नव्हते असे नाही. आपण बोललोच नाही.

रमाबाईंविषयी एक तक्रार मात्र मी करणार आहे. १९१० साली त्यांनी आपले आठवणींचे पुस्तक लिहिले. मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत ते फार मोलाचे मानले जाते आणि तसे ते आहेच. पण त्याचे नाव आमच्या आयुष्यातील काही आठवणी असे आहे, आणि ते माधवरावांच्या मृत्यूशी थांबते. त्यापुढचे सेवासदन, तुरुंग, महिला परिषद यांतले काही त्यात नाही. आपण स्वतः जे केले ते लिहावयाजोगे आहे असे त्यांना वाटलेच नसावे. मिरवणुकीत चालताना पाय दुखले काय, पहिल्यांदा स्वतःचे भाषण स्वतः तयार केले तेव्हा काय वाटले, विरुद्ध पक्षाच्या आरडाओरडीत त्यांना भीती वाटली काय, हे सर्व आपल्याला त्यांच्या लेखणीतून मिळावयास हवे होते. मिळाले नाही. हे वाचल्यापासून मी मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत कोण काय बोलली ते नावानिशी लिहू लागले आहे. चर्चा झाली व सभा संपली, एवढेच लिहिण्याची आपली पूर्वीची रीत मी मोडली, त्याबद्दल अध्यक्षबाईंनी मला एकदा टोकलेही. असो.

आता राहिलेली गोष्ट सांगते. पुढच्या प्रभागसभेस आपण पुन्हा गेलो. या खेपेस अकराजणी होतो. अर्धा तास आधी गेलो आणि दुसऱ्या रांगेत बसलो. पाण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा म्हणून आठ दिवस आधी लेखी अर्ज दिला होता. ही युक्ती मला सार्वजनिक सभेच्या हकिकतीवरून सुचली. बहात्तर घरांत मिळून तीन वाजता उठणाऱ्या बायका किती, त्यांत साठीच्या वरच्या किती, तान्ही मुले असलेल्या किती, हे दोन भगिनींनी दारोदार जाऊन लिहून आणले होते. माझे नाव पुकारले तेव्हा मी उठले. बोलावयास आले नाही. मग चष्मा लावला आणि कागदावरून सरळ वाचून दाखविले, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. हात थरथरत होता, तो शेजारणीने खालून धरला होता असे ती नंतर सर्वांना सांगत सुटली आहे. ते खरे आहे.

पाणी आता सकाळी साडेपाचला येते. आठवड्यातून दोन दिवस मात्र अजून तीनलाच येते, आणि तो विषय येत्या सभेच्या पत्रिकेवर घालण्यासाठीचा अर्ज चिटणीसबाईंकडे तयार आहे. ज्यांना सही करावयाची असेल त्यांनी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात हळदीकुंकवाच्या टेबलापाशी भेटावे. अर्ज कोणी वाचावयाचा ते अद्याप ठरलेले नाही. माझा चष्मा हवा असल्यास मी देईन.